रात्री नऊची गोळी: गुठळीनंतरचं रोजचं जगणं कसं बसवायचं

२०१७ च्या पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या जिन्यावरून घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं त्याच आठवड्यात डावी पोटरी दगडासारखी टणक झाली, पाय गरम आणि सुजलेला. सासूबाई म्हणाल्या, "प्लास्टरने आखडलाय गं पाय. आण इकडे, तिळाचं तेल लावून चोळून देते." तेल गरम होईपर्यंत नणंदेचा फोन आला. ती नर्स आहे. तिने एवढंच विचारलं, "वहिनी, एकच पाय सुजलाय का?" तेलाची वाटी ओट्यावर राहिली आणि आम्ही डॉप्लर सोनोग्राफीला, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह बघायच्या तपासणीला, गेलो. पायाच्या खोल शिरेत गुठळी होती. डीप व्हेन थ्रोम्बोसिस, म्हणजे डीव्हीटी. ताजी गुठळी असलेला पाय चोळायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा सहा महिने गोळ्या घेतल्या आणि थांबवल्या. २०१९ मध्ये काहीही निमित्त नसताना दुसरी गुठळी झाली, यावेळी फुप्फुसात. तेव्हापासून गोळी कायमची.

गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ती घेत असताना ऐरोलीची लोकल कशी पकडायची, अळूचं फदफदं खायचं की नाही, दाढ दुखली तर काय, पाळीत काय, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. डोस वाढवणं, कमी करणं, थांबवणं हे ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांचंच काम.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अशा रुग्णांसाठी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झालेली आहे. या औषधाने काय काय करता येईनासं झालं, रोजची कटकट किती आणि मनावर परिणाम काय, असं ती विचारते. माझ्या मते यातली कटकट सगळ्यात वाईट. रक्तस्राव रोज होत नाही, पण "आता हे चालेल का?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा पडतो. उपाय एकच. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येणार, त्यांची उत्तरं एकदाच डॉक्टरांना विचारून ठरवून टाकायची.

आधी आपली गोळी नीट ओळखा

"रक्त पातळ करायची गोळी" हे आपलं बोलण्यातलं नाव, पण तिने रक्त पातळ होत नाही आणि झालेली गुठळीही विरघळत नाही. गुठळी वाढू नये, नवी होऊ नये, एवढं ती बघते. जुनी गुठळी शरीर आपल्या गतीने विरघळवतं. दोन आठवड्यांत सूज गेली नाही म्हणून गोळी "लागू पडत नाही" असं समजून सोडू नका.

पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव वाचा. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. जुन्या घराण्यात वॉरफेरिन आणि ॲसेनोकुमारॉल. ॲसेनोकुमारॉल आपल्याकडे बहुतेकांना ॲसिट्रॉम या नावाने माहीत असतं. ही औषधं व्हिटॅमिन के चं काम अडवतात, त्यामुळे खाण्याशी यांचा थेट संबंध आणि आयएनआर ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी, रक्ततपासणी वारंवार करावी लागते. नव्या घराण्यात ॲपिक्सबॅन, रिव्हरॉक्सबॅन, डॅबिगॅट्रान, एडॉक्सबॅन. यांना आयएनआर लागत नाही, पालेभाजीचं वावडं नाही. पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमतीही उतरल्या.

मग सगळ्यांनी नवीच का घेऊ नये? हृदयात धातूची कृत्रिम झडप असेल, संधिवाताच्या तापाने झडप बरीच अरुंद झालेली असेल किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने गुठळ्या होण्याचा आजार) असेल, तर जुनीच गोळी लागते. शेजारच्या काकांना नवी मिळाली म्हणून आपणही बदलून मागावी, असं नसतं.

आणखी एक गोंधळ नेहमीचा: एकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, हे वेगळं औषध. ते प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या कणांवर, काम करतं. तुम्ही आधीपासून ते घेत असाल तर दोन्ही चालू ठेवायचं का, हे पहिल्याच भेटीत विचारा. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो आणि पुष्कळदा कुणी विचारलंच नाही म्हणून दोन्ही चालू राहतात.

(वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते दिलं गेलं. माझ्या नवऱ्याने यातला फक्त उंदरांचा भाग वाचला आणि रात्रभर झोपला नाही.)

वेळ बांधा, आणि ती भिंतीवर लिहा

जुनी गोळी बहुतेक डॉक्टर संध्याकाळी किंवा रात्री घ्यायला सांगतात. त्याला साधं कारण आहे. सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत आयएनआर कळतो आणि डोस बदलायचा झाला तर त्याच रात्रीपासून बदलता येतो. या गोळीचा डोस पुष्कळदा वारांनुसार असतो. माझा सोमवार, बुधवार, शुक्रवार ३ मिलिग्रॅम आणि बाकी दिवस २ होता. हे डोक्यात ठेवायला जाऊ नका. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर महिन्याच्या सुरुवातीलाच प्रत्येक चौकटीत आकडा लिहून ठेवा आणि गोळी घेतली की त्यावर काट मारा. मोबाइलचा गजर वाजतो, आपण बंद करतो, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि गोळी राहते. काट मारलेली आहे की नाही, हे मात्र पाणी प्यायला गेलेल्या कुणालाही दिसतं. आमच्याकडे मुलगाच ओरडतो, "आई, आज काट नाही!"

नव्या गोळ्यांच्या वेळा वेगळ्या. ॲपिक्सबॅन आणि डॅबिगॅट्रान दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने. रिव्हरॉक्सबॅन पहिले २१ दिवस दोनदा आणि मग एकदा. तिच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या पोटभर जेवणासोबतच घ्यायच्या, रिकाम्या पोटी त्या नीट शोषल्या जात नाहीत. एकादशीला काय? उपास करा, पण गोळी चहावर घेऊ नका. साबुदाण्याची खिचडी किंवा भगर-आमटी ज्या वेळी खाणार, त्या वेळी घ्या. निर्जळी उपास मात्र या गोळीसोबत जमणार नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि मूळ वेष्टनातून आधी काढूनही ठेवायची नाही, तिला दमट हवा सोसत नाही. ठाण्याच्या जुलैमध्ये ती प्लॅस्टिकच्या आठवडी डबीत भरून ठेवणं म्हणजे औषध वाया घालवणं.

गोळी चुकली तर? वॉरफेरिन-ॲसेनोकुमारॉल त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, दुप्पट घेऊ नका आणि कॅलेंडरवर "चुकली" असं लिहा, कारण पुढचा आयएनआर वाचताना डॉक्टरांना ते लागतं. ॲपिक्सबॅन आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी. डॅबिगॅट्रानच्या पुढच्या डोसला सहा तासांहून कमी उरले असतील तर चुकलेली सोडा. रिव्हरॉक्सबॅनचा नियम पहिल्या तीन आठवड्यांत वेगळा आणि नंतर वेगळा, म्हणून तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.

नव्या गोळ्यांचा परिणाम साधारण दिवसाभरात ओसरतो. म्हणून सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची पट्टी घरात आलेली हवी. गणपतीत गावी जाताना तर हे आधी बघा. तुमचं औषध तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतंय का हेही विचारा, फक्त मिलिग्रॅमचा आकडा दोनदा ताडून घ्या. ॲसेनोकुमारॉल १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये येतं आणि गर्दीच्या वेळी काउंटरवर भलती पट्टी हातात पडणं अवघड नाही.

आयएनआर: एका आकड्याचं राजकारण

हे फक्त जुनी गोळी घेणाऱ्यांसाठी. गुठळीच्या रुग्णांना बहुधा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवतात. काही कृत्रिम झडपांना त्याहून वर, २.५ ते ३.५ लागतो. २ च्या खाली गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. सुरुवातीला आठवड्यातून एकदोनदा, आकडा स्थिरावला की महिन्याने वगैरे तपासणी असते.

रक्त नेहमी एकाच लॅबमध्ये द्या. आकडा १.८ आला म्हणून घाबरून स्वतःच अर्धी गोळी वाढवू नका. आज बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. मी एकदा वाढवली होती. पुढच्या आठवड्यात ३.९ आला आणि डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅडम, इथे डॉक्टर कोण आहे?"

ताटात काय, हा प्रश्न उगाच मोठा करू नका

"पालेभाजी बंद!" हे प्रत्येक नातेवाईक सांगतो आणि ते चूक आहे. नवी गोळी असेल तर हा भाग वाचायचीही गरज नाही, जा आणि मेथीची भाजी करा.

जुनी गोळी असेल तर व्हिटॅमिन के कशात जास्त आहे ते माहीत असावं: पालक, मेथी, माठ, अळू, शेपू, शेवग्याचा पाला, कोबी, मूठमूठ कोथिंबीर-पुदिन्याची चटणी. यांना बंदी नाही. फक्त प्रमाण आठवड्याला साधारण सारखं ठेवा. आठवड्यातून तीन वाट्या पालेभाजी खात असाल तर तीनच खात राहा आणि तुमचा डोस त्या तीन वाट्यांवर बसवला जाईल. गडबड होते ती अचानक बदलाने. श्रावणात रोज अळूवडी आणि भाद्रपद सरल्यावर महिनाभर पालेभाजीचं नाव नाही, तर आकडा हेलकावे खाणारच. ऋषिपंचमीची भाजी वाटीभर खा, पातेलंभर नको. कुणी "डिटॉक्स" म्हणून रोज सकाळी पालकाचा हिरवा रस सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा.

उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. ताप, जुलाब, उपास, तोंडाला चव नाही, म्हणून चार दिवस जेवणच नीट गेलं नाही की आयएनआर वर चढतो. दारूने आकडा बिघडतोच, शिवाय तोल जाऊन पडण्याची भीती असते. फोडणीतली हळद, आलं, लसूण यांना काही हरकत नाही. कॅप्सूलमधली हळद, लसणाचा अर्क, जिन्कगो या झाडाचा अर्क यांना आहे.

दुसरं औषध: इथेच बहुतेकांचा पाय घसरतो

माझाही घसरला. २०१७ च्या ऑक्टोबरची गोष्ट. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून नेहमीप्रमाणे जुलाबाच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरकडे जायला वेळ कुणाला होता! त्यात मेट्रोनिडाझोल होतं. पाच दिवस ते, सोबत फक्त पेज आणि ताक. सहाव्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी फेस. चूळ भरली, पुन्हा गुलाबी. दंडावर, जिथे रिक्षाच्या दांडीला जरासं टेकले होते, तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग. आयएनआर ६.८ निघाला. गोळी दोन दिवस थांबवली, तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं, आकडा उतरला आणि निभावलं. केमिस्टला मी कुठली गोळी घेते ते विचारायचं सुचलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही.

तेव्हापासून कुठल्याही काउंटरवर माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे (तेव्हा जुनी गोळी होती, आता नवी, म्हणून नाव तेवढं बदललं): "मी रक्त पातळ करायची गोळी घेते, ॲपिक्सबॅन. याच्यासोबत हे चालेल का?" केमिस्ट, दंतवैद्य, फॅमिली डॉक्टर, वैद्य, होमिओपॅथ, सगळ्यांना हेच.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन असलेल्या गोळ्या दोन्ही घराण्यांसोबत टाळायच्या. घरातल्या औषधांच्या डब्यातून त्या मी काढूनच टाकल्या, डोकं ठणकत असताना मागची बारीक अक्षरं कोण वाचतं! दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल. मात्र जुनी गोळी चालू असताना तीही सलग बरेच दिवस भरपूर घेतली तर आयएनआर वाढतो. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल ही जंतुसंसर्गावरची औषधं, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल आणि तोंडात लावायची मायकोनॅझोल जेलसुद्धा जुन्या गोळीचा जोर वाढवतात. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिटांवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन उलट परिणाम करतात. गोळीचा जोर इतका घटवतात की गुठळी परत होऊ शकते, आणि हे नव्या गोळ्यांनाही लागू आहे. घरात कुणाला टीबीचं निदान झालं आणि तो ही गोळी घेत असेल, तर औषध सुरू होण्याआधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

कमरेत खच्चून इंजेक्शन देणारे डॉक्टर अजून आहेत. स्नायूतल्या इंजेक्शनने आत रक्त साकळू शकतं, म्हणून दंड पुढे करण्याआधी सांगा. लस घ्यायची झाली तर बारीक सुई आणि नंतर दोनपाच मिनिटं न चोळता नुसता दाब, एवढ्यावर बहुधा भागतं.

आणि दाढ? साधा दात काढायला गोळी बहुधा थांबवावी लागत नाही. दंतवैद्य आणि गोळीचे डॉक्टर यांचं बोलणं व्हावं, जुनी गोळी असेल तर आदल्या दिवशीचा आयएनआर न्यावा आणि सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे नंतर रक्त आलंच तर दवाखाना उघडा असतो.

रक्त आलं तर: काय घरी निस्तरायचं, कशाला धावायचं

विळीवर बोट कापलं तर हळदीचा डबा शोधू नका. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबा, हात वर धरा आणि मधेमधे उघडून बघू नका, बघितलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. घोळणा फुटला तर डोकं मागे टाकायचं नाही. बसा, पुढे वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटं तोंडाने श्वास घ्या. तरीही थांबलं नाही तर दवाखाना. मुका मार लागून काळंनिळं होणं हे आता तुमच्या आयुष्यात असणार, डाग पसरत नसेल तर त्याची धास्ती नको. मऊ ब्रश वापरा, पुरुषांनी वस्तऱ्याऐवजी ट्रिमर.

पुढचं काही झालं तर मात्र "सकाळी बघू" म्हणायचं नाही. डांबरासारखी काळी चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चिकट आणि घाण वासाची झाली तर दाखवाच), लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लाल लघवी, कधी नव्हे असं डोकं दुखणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलताना अडखळणं. आणि रक्तस्रावाच्या उलट टोकाचं: अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, एका पायाला नव्याने सूज. १०८ ला फोन करा आणि पहिल्या वाक्यात गोळीचं नाव सांगा.

डोक्याला मार लागला तर वेगळाच नियम. घोडबंदर रोडच्या खड्ड्यात स्कूटर आदळली, पडलात, उठून उभे राहिलात, काहीच वाटत नाही, तरी रुग्णालयात जा. आत हळूहळू होणारा रक्तस्राव काही तासांनी, कधी दिवसांनी कळतो. सीटी स्कॅन लागेल का ते तिथले डॉक्टर ठरवतील. वयस्कर माणूस न्हाणीघरात पडला तरी हेच. त्यासाठी आधी न्हाणीघरात रबरी मॅट आणि भिंतीला दांडी बसवून घ्या, फार खर्च येत नाही.

माझ्या ट्रेनच्या पासामागे एक कार्ड आहे: नाव, गोळी, डोस, कशासाठी, डॉक्टरांचा आणि नवऱ्याचा नंबर. मोबाइलमध्ये लॉक न उघडता दिसेल अशी आणीबाणीची माहिती भरता येते, तिथेही तेच.

बायकांनी हे वाचाच, कारण दवाखान्यात कुणी काढत नाही

या गोळ्यांनी पाळीत जास्त जाऊ शकतं, रिव्हरॉक्सबॅनवर जरा अधिकच. मी वर्षभर "वयाचं असेल" म्हणून गप्प बसले आणि हिमोग्लोबिन ८ वर आलं. दर तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांहून जास्त जात असेल, तर सांगा. गोळी बदलणं, लोह देणं, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असे मार्ग आहेत. मनाने गोळी बंद करणं हा मार्ग नव्हे.

गौरी-गणपती आले की आपल्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास आणल्या जातात. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनच्या मोठ्या डोसने गुठळीचा धोका वाढू शकतो. एकदा गुठळी झालेल्या बाईने ती स्वतःहून घेऊ नये, मग घरात कुणीही काहीही म्हणो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. माझी एका वर्षी गौरींच्या दिवशीच पाळी आली. जावेने ओवसा भरला, मी पुरणपोळ्या खाल्ल्या.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला. जुनी गोळी गर्भाला, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, घातक ठरू शकते आणि नव्याही गरोदरपणात देत नाहीत. गुठळी होऊ न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं बाळापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ती देतात.

लोकल, पाऊस, डेंग्यू

ठाण्याच्या दहा नंबरवर वाशीची गाडी लागली की जी झुंबड उडते, तिच्यात मी आता नाही घुसत. एक गाडी सोडते. ऑफिसात सकाळी पंधरा मिनिटं उशिराची सवलत मागितली आणि मिळाली. मागितल्याशिवाय मात्र मिळाली नसती. दर तासाला उठून पाण्याची बाटली भरायला जाते, बाटली मुद्दाम लहान घेतली आहे. बसल्या जागी टाच टेकवून पंजा वरखाली करते. गडकरीला नाटक असो की वाशीच्या भावे नाट्यगृहात, कडेची खुर्ची घेते आणि मध्यंतरात वड्याच्या रांगेत न चुकता उभी राहते. कोकणात जाताना दर दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटं चालायचं, हे आता घरच्यांनाही पाठ झालंय.

पावसाळ्यात चांगल्या पकडीच्या चपला घ्या. दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घाला.

पावसाळ्यातला खरा प्रश्न डेंग्यूचा. आपल्या भागात त्याची साथ दरवर्षीची. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, आणि तुमची गोळी चालूच असते. ताप आला की पहिल्याच दिवशी रक्त तपासा आणि गोळीच्या डॉक्टरांना कळवा. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली जायला लागल्या की साधारणपणे पूर्ण डोसचा फेरविचार करतात. ते तुम्ही घरी ठरवायचं नाही, पण कळवायचं तुम्हीच. तापाला फक्त पॅरासिटामॉल.

पाय आणि धाप

डीव्हीटीनंतर बऱ्याच जणांचा पाय वर्षानुवर्षं जड राहतो, संध्याकाळी सुजतो, कातडी काळपट पडते. याला पोस्ट-थ्रोम्बॉटिक सिंड्रोम म्हणतात. पूर्वी सरसकट दोन वर्षं घट्ट मोजे घालायला सांगायचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्यांनी हा त्रास टळतो असं काही दिसलं नाही. म्हणून आता मोजे आराम वाटण्यासाठी. वाटला तर घाला, नाही तर एप्रिलच्या घामात स्वतःचा छळ करू नका. घालायचे तर सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी, गुडघ्यापर्यंत, सुरकुती न ठेवता. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर आधी विचारा.

चालल्याने गुठळी सुटेल अशी भीती घरच्यांना असते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर चाला. मी तलावपाळीला एक फेरी मारून सुरुवात केली, आता तीन मारते.

फुप्फुसातल्या गुठळीनंतर माझी खरी परीक्षा स्टेशनचा पूल होता. प्रत्येक धापेला वाटायचं, परत झाली. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र मी दिवसातून वीस वेळा लावायचे. नवऱ्याने ते कपाटात ठेवलं आणि भिंतीवर एक कागद लावला: आज पुलावर कितव्या पायरीला थांबलीस? जूनमध्ये चौदावी, ऑगस्टमध्ये तिसावी, दिवाळीनंतर थांबलेच नाही. आकडा आठवड्यांमागून आठवडे वर जातोय हे दिसलं, तेव्हा भीती कमी झाली. उलट तीन महिने गोळी घेऊनही धाप तशीच असेल, वाढत असेल, तर सहन करू नका. क्वचित फुप्फुसातली गुठळी विरघळत नाही आणि तिथला दाब वाढतो. त्यासाठी इकोपासून (हृदयाच्या सोनोग्राफीपासून) सुरू होणाऱ्या तपासण्या आहेत आणि उपचारही. रात्री झोप न लागणं, एकटं बाहेर पडायची धास्ती हेही डॉक्टरांना सांगायच्या यादीत टाका, सुजेच्या खाली नाही, बरोबरीने.

किती दिवस, आणि मध्ये ऑपरेशन निघालं तर

गुठळीनंतर किमान तीन महिने गोळी असतेच. प्लास्टर, मोठी शस्त्रक्रिया असं तात्पुरतं निमित्त होतं तर पुष्कळदा तीन ते सहा महिन्यांत थांबवतात. निमित्त सापडलं नाही किंवा दुसऱ्यांदा झाली तर गोळी लांबते. सहा महिन्यांनंतर काहींना ॲपिक्सबॅन ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम दोनदा, रिव्हरॉक्सबॅन २० ऐवजी १० देतात. तुम्हाला हे चालेल का, असा थेट प्रश्न विचारा, बहुतेक डॉक्टरांना तो आवडतो. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते), हिमोग्लोबिन, लिव्हरच्या तपासण्या. नव्या गोळ्या कमीअधिक प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतात, डॅबिगॅट्रान सर्वाधिक. वय, वजन आणि किडनी बदलली की डोसही बदलू शकतो.

ऑपरेशन ठरलं तर वॉरफेरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, नव्या गोळ्या किडनी आणि ऑपरेशन बघून बहुधा एक ते तीन दिवस आधी. तारीख ठरते सर्जनच्या टेबलावर आणि गोळी असते दुसऱ्याच डॉक्टरांची, त्यामुळे निरोप मध्येच हरवतो. म्हणून मी एका कागदावर तीन ओळी लिहून घेते: शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता, ऑपरेशननंतर पहिली कधी, आणि हे कुणी सांगितलं, सहीसकट. येत्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं आहे. विचारलं, तर या ऑपरेशनला गोळी थांबवायचीच नाही म्हणाले. कागदावर तेवढंच लिहून घेतलं, सही घेतली आणि कालनिर्णयच्या त्या तारखेला टाचणीने लावून ठेवलं.